त्या बुधवारचे अकरा शिक्के

१

अहवाल चार पानांचा होता आणि त्यात छकुली एका आकड्यात उरकली होती. ‘मृत्यू : एक. वय : सात महिने. कारण : गोवर, त्यातून न्यूमोनिया.’ शेवटच्या पानावर निष्कर्ष होता : ‘लस साठवण्यात परिचारिकेचा हलगर्जीपणा.’ खाली सही, ती वाचता येत नव्हती.

वरचीने तो कागद लॅबवालीच्या ओट्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. वरच्या मजल्यावर राहते म्हणून तिला सगळी इमारत वरची म्हणायची. ती घरी शिवणकाम करायची. छकुली तिची, शिवणाच्या वेळात पाळणाघरात ठेवलेली असायची. तिला जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

“वाच, आणि हे खरं आहे का ते सांग.”

लॅबवालीने वाचलं. टिल्लू होईपर्यंत सहा वर्षं ती रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत कामाला होती, म्हणून हे नाव. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. दूध उतू जायच्या आत तिचा हात गॅसवर पोचलेला असे. टिल्लूला शिंक आली तरी वहीत वेळ लिहिली जाई. “आमच्याकडे तापाच्या आधी थर्मामीटर येतो,” असं तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बायकोला फौजदार म्हणायचा.

“सरकारी चौकशीत दुसरं काय निघणार?” लॅबवाली म्हणाली. “एक गरीब बाई पकडायची आणि फाईल बांधून टाकायची. सिस्टर बावीस वर्षं लस देतेय. फ्रीजच भंगार असणार. ज्या ठेकेदाराने पुरवला त्याला वाचवतायत.”

“हे तुला माहीत आहे, की वाटतंय?”

लॅबवालीने शेवटचं पान पुन्हा उलटलं.

“माझा त्यांच्यावर विश्वास नाही वहिनी. तुझ्यावर आहे. तू शिकलेली आहेस, सोडत नाहीस. कोणामुळे झालं ते शोध. कोणी का असेना, मला येऊन सांग.”

“सांगेन,” लॅबवाली म्हणाली.

तेव्हा सोमवार होता. शुक्रवारी शेवटची सुनावणी होती. कोणाला काही सांगायचं असेल तर तेव्हाच, नाहीतर सिस्टर कामावरून कायमची जाणार.

२

तिने वहीचं कोरं पान काढलं आणि जे पक्कं होतं तेवढंच लिहिलं.

गोवर पाळणाघरात पसरला. सहा मुलं आजारी पडली, सातवी छकुली. तिचं लस घ्यायचं वय झालंच नव्हतं. तेवढ्या लहान बाळाला आजूबाजूच्या मुलांनी लस घेतलेली असणं हाच काय तो आडोसा. सहाही मुलांच्या कार्डावर लशीचा शिक्का होता, आणि सहाही शिक्के एकाच दिवसाचे, चार महिन्यांपूर्वीच्या एका बुधवारचे. पहिलं पुरळ टिल्लूच्या अंगावर आलं होतं, आजोळहून आल्यावर; तोही सकाळी दोन तास पाळणाघरात खेळायला जायचा. हे लिहिताना तिचं पेन थांबलं. मग तिने पुढे लिहिलं, ‘लस मेलेली असेल तर शिक्का असून काय उपयोग.’

तिने स्वतःच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. त्या बुधवारनंतर तीन आठवडे टिल्लूला ताप नाही, कुरकूर नाही. लशीचा अंगावर काही मागमूसच नाही. लस निकामीच होती, असं तिला वाटलं आणि तिने त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग ठेकेदारावर करायचा अर्ज घेऊन ती घरोघर फिरली.

बेकरीवाल्याची सून काउंटरवर पाव मोजत होती. “हो, दिली ना. मांडीत. डाव्या. त्याच रात्री फणफणला. तुम्ही अर्ज करताय ना ठेकेदारावर? माझी सही घ्या.”

टपाल कार्यालयात काम करणारी बाई खिडकी बंद करून बाहेर आली. “कुठे दिली ते काय लक्षात ठेवायचं? दंडात असेल. ताप? आला, दुसऱ्या दिवशी. बरं, मला जरा घाई आहे.”

व्यायामशाळेच्या मास्तरांना जुळे होते, दोघंही आजारी पडले होते. मास्तरांनी वजनं जागेवर लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. “माझ्यासमोर टोचलं, वहिनी. दोघांनाही. आता खोदून काय मिळणार?”

पाळणाघरवाल्या मावशींची नातही त्या सहांत होती. मावशींचा नियम कडक होता, शिक्का नसेल तर मूल दारात घेत नसत. “माझ्या नातीला मी स्वतः नेलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी तर जगाला सांगते लस घ्या म्हणून.” आणि दुपट्यांच्या घड्या घालायला लागल्या. ती दुपटी आधीच घडी केलेली होती.

त्या बुधवारी शिक्का बसलेली आणखी पाच मुलं होती, ती मात्र ठणठणीत. त्यांतल्या एकीची आई रिक्षा चालवायची. ती सीट पुसता पुसता बोलली. “उजव्या दंडात दिली. काय भोकाड पसरलं होतं पोरीने. आणि ताप म्हणाल तर तेव्हा नाही, चांगले आठ-नऊ दिवस गेल्यावर. मी जाऊन सिस्टरशी भांडले. ती म्हणते, अगं या लशीचा ताप तेव्हाच येतो. मला काय ठाऊक? मी आपलं भांडून घेतलं.”

शेवटी ती चौकशी अधिकाऱ्याकडे गेली. टेबलावर फायलींच्या दोन उतरंडी, मधल्या फटीतून ते बोलत होते.

“फ्रीजच्या तापमानाच्या नोंदी आम्ही पाहिल्या. ठीक आहेत.”

“मग सिस्टरवर ठपका कसा?”

“बाई, सहाही मुलांच्या घरच्यांनी लेखी दिलंय, आमच्यासमोर टोचलं म्हणून. टोचलं आणि तरी गोवर झाला, म्हणजे लस कुठेतरी बिघडली. फ्रीज तिच्या ताब्यात. नोंदी तिच्या हातच्या. तुम्हीच सांगा, दुसरं काय उरतं?”

“ठेकेदार उरतो.”

ते थकल्यासारखं हसले. “तुम्ही लोक आधी उत्तर ठरवून येता. आणि आम्हाला विचारलं तेवढंच सांगता, तेसुद्धा अर्धं.”

जिना उतरताना लॅबवाली मनात त्यांना बोल लावत होती. माणूस निबर झालाय, तिला वाटलं. त्यांचं शेवटचं वाक्य तिने वहीत लिहिलं नाही.

३

आरोग्य केंद्रात बुधवारची रांग लागायची तिथे चार बायका होत्या. एरवी चाळीस असत. बाकावर बसलेली एक दुसरीला सांगत होती, “मी नुसतं वजन करून नेणार. लस खराब असते म्हणे इथली. त्या लॅबमधल्या बाई सांगत होत्या, शिकलेल्या आहेत.”

लॅबवालीने पदर सारखा केला आणि पुढे गेली.

औषधांची खोली म्हातारे कंपाउंडर सांभाळायचे, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी फ्रीजकडे बोट दाखवलं. त्याला लाखेचं सील होतं.

“फ्रीज घेतला, तापमानाची वही घेतली, कुप्यांची वही घेतली. आता काय बघताय तुम्ही?”

“काका, लस येते ती पूड असते ना?”

“पूड. सुकी. पाण्यात विरघळवायची आणि मग टोचायची. एका कुपीत पाच मुलं. फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची.”

“आणि ते पाणी?”

“ते वेगळं येतं, काचेच्या नळीत. एका कुपीला एक नळी, मोजून तेवढ्याच. लागेल तेवढ्या आदल्या दिवशी थंडीत ठेवायच्या, बाकीच्या या कपाटात.” त्यांनी कपाट उघडलं. आत खोकी होती आणि वर एक वही, कोपरे दुमडलेली.

“ही वही नाही नेली त्यांनी?”

“पाण्याची वही कोण नेतं? त्यांनी विचारलीही नाही.”

प्रयोगशाळेत सहा वर्षं तिने पूड आणि द्रव एकत्र केले होते. दोन्हींचा हिशोब जुळला नाही तर साहेब कोणालाच घरी जाऊ द्यायचे नाहीत, कारण न जुळणं म्हणजे काहीतरी मिसळलेलंच नाही. ती उभ्यानेच पानं उलटू लागली. एक महिना, दोन, तीन. मग तो बुधवार. सिस्टरच्या ठसठशीत अक्षरात : ‘पाणी वापरले : १ नळी. फुटले : ०.’

“काका, त्या दिवशी लशीच्या किती कुप्या वापरल्या?”

“अकरा मुलं होती. पाच, पाच आणि एक. तीन कुप्या. वहीत तीनच आहेत, चौकशीच्या साहेबांनी माझ्यासमोर मोजल्या.”

“मग पाणी एकच नळी कसं?”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वही डोळ्यांजवळ नेली. मग खोकं खाली काढून दोघांनी मोजलं. कुप्यांच्या हिशोबापेक्षा दोन नळ्या जास्त होत्या.

लॅबवालीने कपाटाच्या कडेला धरलं. एका नळीत पाच मुलं. आणि त्या बुधवारच्या अकरांपैकी पाचच ठणठणीत राहिली होती.

४

सिस्टर केंद्रामागच्या खोलीत राहायची. शेगडी घासत होती, तशीच घासत राहिली.

“सिस्टर, लस बिघडली नव्हती.”

“अहवालात तर तसंच आहे.”

“दोन नळ्या पाणी शिल्लक आहे.”

सिस्टरचा हात थांबला. तिने घासणी बाजूला ठेवली, हात पुसले, आणि खाटेवर बसली.

“पुडीच्या कुप्या टाकून दिल्या मी,” ती म्हणाली. “वहीत तीन लिहिल्या, म्हणून दोन टाकल्या. पाणी टाकायचं ध्यानातच आलं नाही. बावीस वर्षांत असा खोटा हिशोब कधी लिहिला असता तर जमला असता.”

“सहा मुलांना टोचलंच नाही तुम्ही.”

“नाही.”

लॅबवालीला आता एकेक घर दिसत होतं. “बेकरीवाल्याची सून मांडी म्हणाली. त्याच रात्री ताप म्हणाली. ही लस दंडात देतात आणि ताप आठवड्यानंतर येतो. टपालवालीला दंड कुठला ते सांगता आलं नाही. ज्याने पाहिलंच नाही त्याला काय आठवणार? त्या सगळ्यांनी मागितलं तुमच्याकडे. टोचू नका, नुसता शिक्का द्या.”

“एकेकट्याने,” सिस्टर म्हणाली. “कोणी खिडकीपाशी, कोणी पडद्याआड. दुसऱ्या गावी ते मूल दगावलं होतं ना त्या आठवड्यात, टोचल्यावर चार दिवसांनी? चौकशीत निघालं की ते वेगळ्याच आजाराने गेलं. कोणाला पटलं ते? सगळे घाबरलेले. आणि पाळणाघराला शिक्का हवा. शिक्का नाही तर मूल घरी, मूल घरी तर आईचं काम गेलं. मी म्हटलं, भीती ओसरू दे, पुढच्या बुधवारी समजावून देऊ. पुढच्या बुधवारी कोण येतंय? शिक्का तर मिळाला होता.”

“मावशीसुद्धा? ज्यांचा तो नियम?”

“त्या पडद्याआड,” सिस्टर म्हणाली.

“मग चौकशीत का नाही सांगितलंत?”

“त्यांनी सहाही मुलांच्या घरचे जबाब माझ्यापुढे ठेवले. सगळ्यांनी लिहून दिलेलं, टोचलं म्हणून. मी नाही म्हटलं असतं तर ते सगळे खोटे पडले असते. आणि शिक्का मारणारी बाई तर मीच. ज्या शिक्क्यावर आया डोळे मिटून विश्वास ठेवतात तो मी खोटा मारला. हलगर्जी म्हणून गेलेलं बरं, असं वाटलं.” ती जरा थांबली. “छकुलीला मीच तोललं होतं, जन्मली तेव्हा.”

लॅबवाली बोटांवर मोजत होती. “बेकरी. टपाल. मास्तरांचे दोन. मावशींची नात. पाच झाले. सहावा माझा टिल्लू.” ती हलकंसं हसली, चूक सापडल्यासारखी. “पण त्याला तर त्याच्या बाबांनी आणलं होतं. आमचे हे तुमच्याकडे मागायला...”

सिस्टर उठली आणि रिकामी शेगडी पुन्हा घासायला लागली.

“वहिनी,” ती पाठमोरी म्हणाली, “घरी जा.”

५

नवरा कामावरून येऊन हत्यारांची पिशवी आवरत होता. पाने मापाप्रमाणे ओळीत लावलेले. टिल्लू खालच्या अंगणात होता, त्याचा आवाज येत होता.

“काय फौजदार, लागला का छडा?”

“त्या बुधवारी टिल्लू रडला का रे?”

“नाही म्हणून सांगितलं होतं ना. शूर आहे पोरगा.”

“केस कापतानासुद्धा इमारत डोक्यावर घेतो तो.”

तो एक पाना उचलून बघत राहिला. त्याने नाकारलं नाही. याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

“त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, तू जेवली नव्हतीस,” तो म्हणाला. “त्या दुसऱ्या गावच्या मुलाची बातमी चार वेळा वाचून दाखवलीस मला. मी म्हटलं, अगं, चौकशी झाली, लशीचा संबंध नाही म्हणतायत. तू काय म्हणालीस आठवतं?”

तिला आठवत होतं.

“म्हणालीस, सरकार नाही म्हणतंय म्हणजे नक्की असणार. बुधवारी त्याच्या शर्टाची बटणं लावताना तुझे हात कापत होते. म्हणालीस, तूच घेऊन जा, मला येऊन काही सांगू नकोस. मी रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा मला तुझे हातच दिसत होते. म्हटलं, एवढी घाबरलीये, उद्या पोराला नुसतं पडसं झालं तरी ही झोपणार नाही. सिस्टरला म्हटलं, शिक्का तेवढा द्या.”

“मी घेऊन जा म्हटलं होतं.”

“हो. तोंडाने म्हटलं होतंस.”

“आणि जबाबात लिहून दिलंस, माझ्यासमोर टोचलं.”

“तोपर्यंत छकुली गेली होती. काय लिहायला हवं होतं?”

ती खुर्चीत बसली. भांडावं म्हटलं तर धागाच हाताला लागत नव्हता. खोटं त्याने केलं होतं, पण ज्या भीतीपायी केलं ती घरात तिनेच आणली होती, रोज थोडी थोडी, वाचून दाखवून. ती अधिकाऱ्याकडे गेली तेव्हा तो माणूस खरंच विचारत होता, दुसरं काय उरतं? उरलेलं तिच्याच घरात होतं, आणि त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं.

“अर्ज देऊन टाक ना ठेकेदारावर,” नवरा हळूच म्हणाला. “तसाही तो काही साधू नाही. सगळ्यांच्या सह्या आहेत. सिस्टर वाचेल, आपणही... छकुली काही परत येणार नाहीये गं.”

“आज रांगेत चार जणी होत्या,” ती म्हणाली. “चाळीस असतात. लस खराब असते म्हणून येत नाहीत, आणि ते त्यांना मी सांगितलंय. त्या छत्तीस घरांत किती छकुल्या असतील?”

त्याने हातातला पाना पिशवीत ठेवला. मग म्हणाला, “शुक्रवारी मी अर्धी रजा टाकतो. कामावरून थेट तिथे येतो. माझा जबाब मीच बदलेन.”

“त्याआधी मला वर जायचंय,” ती म्हणाली.

६

ती गेली गुरुवारी दुपारी. वरची मशीनवर होती, कसल्या तरी गणवेशाच्या बाह्या जोडत. एका बाहीच्या शेवटापर्यंत तिने शिवण नेली, मग पाय थांबवला.

“सापडलं?”

“सापडलं.”

लॅबवालीने सगळं क्रमाने सांगितलं. पूड, पाणी, दोन नळ्या, पाच आणि सहा. नावं घेतली नाहीत, एक सोडून. ते घेताना तिने वरचीच्या तोंडाकडे पाहायचं ठरवलं होतं, पण तिला मशीनच्या सुईकडेच पाहता आलं.

“पहिला टिल्लू आजारी पडला होता,” वरची म्हणाली.

“हो.”

“त्याच्याकडून तिला.”

“हो. बहुतेक. तो पाळणाघरात तिच्या पाळण्याशी खेळायचा.”

“माहितीये मला. मीच म्हणायचे, खेळव रे तिला.”

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वरचीने बाही उलटी केली, शिवण नखाने दाबली.

“तुला माहीत नव्हतं?”

“नव्हतं. पण त्याने माझ्यासाठी केलं. मी त्याला घाबरवून सोडलं होतं.”

“ठेकेदार असता तर बरं झालं असतं,” वरची म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “मी त्याला कधी बघितलेलं नाही. त्याला शिव्या देत कसेही दिवस काढले असते. तुला मला रोज जिन्यात बघायचंय.”

लॅबवाली उभी राहिली. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही वाक्य त्या खोलीत ठेवण्यासारखं वाटेना.

“उद्या तिथे हे सगळं सांगणार आहेस?”

“हो. आमचं आम्ही सांगणार. पाण्याची वही काका आणतायत. बाकीच्या घरांना मी आज सांगून आले, की वही निघालीये. बेकरीवाल्याच्या सुनेने दार लावून घेतलं. मावशी येते म्हणाल्या. बघू.”

“किती वाजता?”

“अकरा.”

“मी येणार.”

“कशाला? तुला त्रास...”

“तू तिथे गुळमुळीत बोलायला लागलीस तर समोर मी असायला हवी.”

तिने बाही पुन्हा मशीनखाली सरकवली. लॅबवाली निघाली तरी मशीन सुरू झालं नाही. तीन पायऱ्या उतरल्यावर सुरू झालं.

शुक्रवारी सकाळी थांब्यावर दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. बस जवळपास रिकामी होती. लॅबवाली खिडकीशी बसली आणि शेजारची जागा तिने पिशवी न ठेवता मोकळी सोडली. वरची ती जागा ओलांडून मागच्या सीटवर जाऊन बसली. कंडक्टर आला तेव्हा दोघींनी आपापलं तिकीट काढलं.

पूल गेला, शाळा गेली, आरोग्य केंद्राची भिंत गेली. लॅबवाली काय बोलायचं ते मनात जुळवत होती. पहिलं वाक्य ठरत नव्हतं. ‘माझ्या मुलाला लस दिलेली नाही’ इथून सुरुवात करावी की ‘आम्ही खोटं लिहून दिलं’ इथून, ते तिला कळेना. दोन्ही खरी होती.

मागून खांद्याला बोट लागलं.

“पुढचा थांबा आपला,” वरची म्हणाली. वहिनी म्हणाली नाही. पण लॅबवाली उठून दारापाशी गेली तेव्हा बस गचकन थांबली, आणि मागून एका हाताने तिला दंडाला घट्ट धरलं, पडणार नाही एवढा वेळ.